रंगीत तालीम

बेथपेज स्टेशनच्या मागे माझं फ्रेमचं दुकान.
लग्नाचे फोटो, पदव्या, मेलेल्या कुत्र्यांच्या तसबिरी
मी चौकटीत बसवतो.
मार्चातला मंगळवार. फुटपाथच्या कडेला
उरलासुरला बर्फ काळा पडलेला.
विल्माबाई डोम्ब्रोस्की आल्या, वय एक्याण्णव,
काखेत जुन्या चादरीत गुंडाळलेला कॅनव्हास.

उलगडला, तर चार पाय वर करून
आभाळात उताणा पडलेला कोळी.
अंगाला खरे सोनेरी कागद चिकटवलेले, चॉकलेटचे,
खाली पृथ्वी, निळी, जराशी घाईत रंगवलेली.

मी विचारलं, 'बाई, कडी कुठे लावू?
वरची बाजू कुठली?'
'तिथे वर नसतंच,' म्हणाल्या,
आणि माझ्याच स्टुलावर बसल्या.

एकोणसत्तर साल. इथून चालत जाण्याइतका जवळ कारखाना.
हातमोजे घालून सोनेरी पापुद्रे चुरगाळायचे,
दिवसभर, हेच काम.
सपाट पापुद्रे एकमेकांना चिकटतात, ऊन आत सोडतात.
चुरगाळले की दोघांमध्ये जागा राहते.
'आईनं सारा जन्म मला इस्त्री शिकवली
आणि पगार मिळाला चुण्या पाडण्याचा.'

चंद्रावर उतरलं ते यान सगळ्यांना ठाऊक.
हे ते नव्हे.
हे त्याच्या आधीचं, पृथ्वीभोवतीच घिरट्या घातलेलं.
पाय होते, टेकायला जमीन नव्हती.
भिंत अशी, की हातातनं स्क्रूड्रायव्हर निसटला
तर आरपार जाईल, असं त्या पोरी कुजबुजायच्या.
आत दोघं. तिसरा लांब, दुसऱ्या यानात,
आणि घरी उतरण्याचं कवच फक्त त्याच्याकडे.
त्याच्यापाशी परत पोचले नाहीत
तर घर खाली दिसत राहणार. नुसतं दिसत.

'त्या दिवशी मला घास गिळेना.
माझ्या चुण्यांमध्ये बसली होती ना दोन माणसं.'

मी सांगलीचा. अकरा वर्षं विंगेत उभं राहून
वही हातात धरली, नटांना शब्द पुरवले.
विल्माबाईंना कसं सांगू
रंगीत तालीम म्हणजे काय?
दिवे खरे, जरीचे अंगरखे खरे,
खोट्या मिशा खऱ्या डिंकानं चिकटवलेल्या,
फक्त खुर्च्या रिकाम्या.
अशाच एका तालमीत वसंता कोष्टी
गडाच्या लाकडी बुरुजावरून पडला.
तालमीत पडलेला माणूस खराच पडतो.
मांडीचं हाड मोडलं. पुढे शंभर प्रयोग झाले,
गाजले, दुसऱ्याच्या नावानं.
चौथऱ्याची कुठली फळी कच्ची
ते मात्र वसंतानं दाखवून ठेवलं होतं.

हे मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं.
बाईंनी मान हलवली. समजलं की नाही कोण जाणे.
म्हणाल्या, 'मे महिन्यात अजून एक गेलं होतं,
थेट चंद्राच्या उंबऱ्यापर्यंत. कडी न वाजवता परत फिरलं.
तेही काढीन. हात थरथरला नाही तर.'

मी चारी बाजूंना कड्या लावल्या.
त्यांचे पैसे नाही घेतले.

शनिवारी न्यायला आल्या.
दार अरुंद, चित्र रुंद,
आडवं धरून न्यावं लागलं, पाय एका कुशीला,
पृथ्वी दुसऱ्या.
बाहेर वारा. पायऱ्या तीन, ओल्या.
मदत नको म्हणाल्या.
पहिली.
मी दारात उभा, विंगेत उभा राहायचो तसा,
पुढचं वाक्य ओठांवर धरून,
लागलंच तर.